पाटीवरच्या काकू

सकाळी साडेसातला त्या घरात रोज एकच भांडण व्हायचं, आंघोळीच्या पाण्याचं. नवऱ्याला पाणी कढत लागायचं, आणि काकू त्याची नजर चुकवून बादलीत दोन तांबे गार पाणी ओतायच्या. तुमची कातडी आहे की बूट, असं त्या विचारायच्या. त्यावर तो म्हणायचा, चाळीस वर्षं सगळं तुझ्या मनासारखं केलं, निदान आंघोळ तरी मला माझ्या मनाने करू दे. त्या दिवशीही भांडण तिथवर आलं होतं. सून ओट्याशी चहा गाळत गालातल्या गालात हसत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

सून गाळणं कपावर तसंच ठेवून धावली. एरवी दार उघडायला तीनदा सांगावं लागायचं तिला, म्हणून काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

दारात पाट्या करणारा उभा होता. त्याच्या बगलेत चादरीत गुंडाळलेली, त्याच्या खांद्याला लागेल एवढी पाटी. काकूंचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन, एक भली मोठी खिडकी. त्याला या महिन्यात तीस वर्षं पूर्ण होत होती. दारावरच्या जुन्या पाटीची निम्मी अक्षरं उन्हाने खाल्ली होती. म्हणून सुनेने कुणाला पत्ता लागू न देता नवी पाटी करायला टाकली होती, काकूंच्या फोटोसकट. गच्चीवर कपडे वाळत घालताना काकू कशावरून तरी खळखळून हसल्या होत्या, तेव्हा तिने तो चोरून काढला होता.

पाटीवाल्याने चादर ओढली.

हसू काकूंचंच होतं, पण बाकी चेहऱ्यावर इस्त्री फिरवलेली. डोळ्यांच्या कडेच्या रेघा गायब, कपाळ कोऱ्या कागदासारखं, हनुवटीखालची सैल कातडी कुठे गेली कोण जाणे. पाटीवाला खुशीत होता. वीस वर्षं कमी केली काकू, तो म्हणाला, सूनबाईंनी सांगितलं नव्हतं, ही आपल्यातर्फे भेट.

नवऱ्याने चष्मा लावला, पाटीजवळ जाऊन नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाई छान आहेत. पण या कोण?"

सगळे हसले. सुनेच्या मात्र डोळ्यांत पाणी होतं. "आई," ती म्हणाली, "सगळ्या गल्लीला कळू दे तुम्ही कोण आहात ते."

आता यावर कोणती सासू तोंड उघडेल? काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, छान आहे म्हणाल्या, आणि पाटीवाल्याला चहा द्यायला सांगून आत गेल्या. चहा झाल्यावर तो बाहेर मापं घेऊन भिंतीवर खुणा करू लागला. काकू मात्र टॉवेलची एकच घडी तीनदा घालत राहिल्या. पाटीवरचं काहीतरी त्यांना खुपत होतं.

ते काय होतं हे कळायला काकूंचं काम कळायला हवं. सुरुवातीची दहा-बारा वर्षं त्यांनीही सगळ्यांसारख्या नवऱ्या मुली सजवल्या. घासा, पुसा, चमकवा. एकदा शाळेच्या मुख्याध्यापिका निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी आल्या. वय अठ्ठावन्न. काकूंनी त्यांच्या गालांवर तोच दाणेदार स्क्रब चोळला जो त्या वीस वर्षांच्या पोरींना चोळत, तोही दुप्पट, कारण बाईंचा मान मोठा. दुसऱ्या दिवशी बाई व्यासपीठावर लालभडक, सोललेल्या गालांनी उभ्या राहिल्या. काकू शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसल्या होत्या.

आठवड्याने त्याच बाई पार्लरमध्ये आल्या आणि खुर्चीत बसल्या. ओरडल्या नाहीत. आता काय शिकलीस ते सांग, एवढंच म्हणाल्या. त्याचं उत्तर शोधायला काकूंनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रोज दुपारी जाऊन बसायला सुरुवात केली, वर्षभर. पाळी थांबली की कातडीचं तेल आटतं, ती पातळ होते, लगेच दुखावते, हे तिथे कळलं. पुढे स्वतःचीच पाळी थांबली आणि पोटऱ्यांना रात्रंदिवस खाज सुटली, तेव्हा ते अंगानेही कळलं.

तेव्हापासून काकूंच्या खुर्चीत पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका बसू लागल्या. चेहरा धुवायचा तो कोमट पाण्याने. टॉवेल टेकवायचा, घासायचा नाही. कातडी ओलसर असतानाच क्रीम, तेही अनामिकेने, कारण त्या बोटात जोर कमी. मान आणि हाताचे पंजे विसरायचे नाहीत. उन्हाचं क्रीम घरात बसणारीनेही लावायचं, खिडकीत बसून भाजी निवडते ना ती. आणि नवी बाटली कितीही महाग असली तरी आधी दोन दिवस कानामागे लावून बघायची. जिथे शंका येई तिथे काकू हात न लावता डॉक्टरीणबाईंकडे धाडत. पलीकडच्या गल्लीतल्या काचेच्या पार्लरमधून तोंड भाजून घेतलेल्या बायकाही शेवटी इकडेच येत. डॉक्टरीणबाई स्वतः महिन्यातून एकदा येत, आणि या गोष्टीचा काकूंना इतका अभिमान होता की त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसत.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिला दिवस. नवी बाई आली की काकू तिला खिडकीशी नेत, शेजारी स्वतः उभ्या राहत आणि आपला धुतलेला चेहरा उजेडात धरत. म्हणत, मी बासष्ट वर्षांची, रोज एवढं एवढं करते, आणि ते करून इतकं होतं. हे हवं असेल तर बसा. तेव्हापासून त्यांनी दुसरा कुठला नमुना दाखवला नव्हता.

साडेआठला अशीच एक नवी बाई आली. बँकेत काम करणारी, पन्नाशी ओलांडलेली, पदरात चेहरा निम्मा झाकलेला. भिंतीला टेकवलेल्या पाटीपाशी तिची पावलं थबकली. मग आत येऊन ती हलकेच म्हणाली, "मला हे असं करून द्याल? कितीही महिने लागू देत. ऑफिसात सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मला काउंटर तीनवरची म्हातारी म्हणतात."

काकू तिला खिडकीशी घेऊन गेल्या. रोजच्यासारखा चेहरा उजेडात धरला. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, दाराबाहेर पाटीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे.

"मग ती कोण आहे?" तिने विचारलं.

मघाशी हाच प्रश्न नवऱ्याने विचारला तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसलं नाही. सून दारात उभी होती, तिने ऐकलं. बाईने पर्स काखेत घट्ट धरली होती, जायच्या तयारीत.

"ती कुणीच नाही," काकू म्हणाल्या. "मी ही आहे. माझ्या हातून रेघा जात नाहीत, कुणाच्याच गेल्या नाहीत. आग थांबते, कोरडेपणा जातो, गालाला हात लावला की बरं वाटतं. हा बघा माझा गाल, हात लावून बघा."

बाई आधी संकोचली. मग तिने एक बोट काकूंच्या गालाला लावलं, आणि ते बराच वेळ तिथेच राहिलं. मऊ आहे, ती पुटपुटली. पर्स खुर्चीखाली ठेवली आणि बसली.

बाहेर ड्रिलचा आवाज सुरू झाला. काकूंनी हात पुसले. सुनेजवळून जाताना तिचा हात धरला आणि तिलाही बाहेर घेऊन गेल्या. तिला वाईट वाटणार हे त्यांना ठाऊक होतं. पण सूनच आधी बोलली. म्हणाली, मी काढला तो फोटो असा नव्हता आई, तो मला जास्त आवडला होता, पण पाटीवाल्या दादांनी एवढ्या हौसेने केलेलं, म्हणून बोलले नाही.

काकूंची छाती एकदम हलकी झाली. तो फोटो आहे ना तुझ्याकडे, त्यांनी विचारलं. सुनेने फोन काढला. गच्चीवरच्या उन्हात बासष्ट वर्षांच्या काकू हसत होत्या, एकूण एक रेघ जागच्या जागी, आणि कातडी तुकतुकीत. आपल्या तीस वर्षांच्या कामाकडे बघावं तसं काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि शिडीवरच्या पाटीवाल्यापुढे फोन धरला.

"काम सुरेख केलंत दादा, अक्षरं तर फारच छान," त्या म्हणाल्या. "फक्त माझ्या रेघा मला परत घालून द्या."