मुक्या कार्डावरचं पत्रक

महाड-पोलादपूरकडे तेव्हा नव्यानं येणाऱ्या बहुतेक संगणकांत चोरीचीच सिस्टिम असायची. दुकानदार ती फुकट भरून द्यायचा, गिऱ्हाईक खूश. मला चीड यायची. विकत घ्यायची ऐपत नाही म्हणून चोरायचं, आणि वर त्याच कंपनीचं गुणगान करायचं! मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी माझ्या जुनाट संगणकावर सिस्टिम म्हणून फुकटचं लिनक्स घातलं. ते कुणीही वापरावं, उघडून बघावं, दुसऱ्याला द्यावं. त्यावर पत्रकही काढलं. चळवळीतले सोबती म्हणाले, "तू पाण्याच्या मोर्चाचं बघ. हे खूळ कुठून आणलंस?" पत्रकांचे गठ्ठे माझ्या पोलादपूरच्या खोलीत पडून राहिले.

या विषयावर बोलायला मला एकच माणूस होता. महाडच्या बाजारातला संगणकाचा दुकानदार, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. स्वतः चोरीच्याच सीड्या भरायचा, पण माझं ऐकून घ्यायचा. मी एसटीनं जायचो. "ये रे क्रांतिकारका, आज कुणाला झोडायचंय?" अख्ख्या आठवड्यात माझ्याशी कुणी हसून बोलायचं ते तेवढंच.

माझा संगणक मुका होता. साउंड कार्ड हवं होतं, स्वस्तातलं आणि लिनक्सवर चालणारं. खोक्यावर नाव त्या दुसऱ्या सिस्टिमचंच असायचं. आपल्याला चालेल की नाही हे कार्डावरच्या मोठ्या चिपचा नंबर वाचूनच कळतं. चालणाऱ्या नंबरांची यादी मी सायबर कॅफेत बसून वहीत उतरवून घेतली होती. दुकानाचा नियम होता, सील फोडलं की माल घ्यायचाच. माझ्यासाठी त्यानं स्वतःच्या हातानं तीन खोकी फोडली. भिंग घेऊन तो नंबर वाचायचा, मी वहीत शोधायचो. तिसऱ्या, सगळ्यात स्वस्त कार्डाचा नंबर यादीत निघाला. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश झाला.

घरी कार्ड बसवलं. सिस्टिमनं ओळखलं. गाणं पुढे सरकताना पडद्यावर दिसत होतं, स्पीकर मात्र गप्प. चार दिवस झटलो, सायबर कॅफेतून इंटरनेटवर प्रश्नही टाकला. घरमालकीण दारातून म्हणाली, "गाणं नाय, बोलणं नाय, मग त्या पेटाऱ्याला वीज कशाला पाजतोस रे?"

खराब माल गळ्यात मारला, असं मी ठरवून टाकलं. अन्याय झाला की पत्रक, एवढंच मी शिकलो होतो. आधी जाऊन विचारायचं असतं, हे सुचलंसुद्धा नाही. 'ग्राहकांनो, डोळे उघडा!' असं पत्रक छापलं. दुकानाचं नाव घातलं नाही, पण महाडात अशी दुकानं होती किती? एसटी स्टँडवर मी स्वतः उभा राहून वाटली. मग कार्ड परत द्यायला गेलो. काउंटरवर माझंच पत्रक पडलं होतं. त्यानं पैसे मोजून दिले.

"विचारायचं तरी होतंस," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात, इंटरनेटवर टाकलेल्या माझ्या प्रश्नाला कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. नवीन कार्डाचा आवाज ही सिस्टिम सुरुवातीला बंदच ठेवते. मिक्सर नावाचा प्रोग्रॅम उघडा, पट्टी वर सरकवा. सायबर कॅफेत बसून मी ते तीनदा वाचलं. चिप बरोबर होती, कार्ड बरोबर होतं.

तसाच दुकानात गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, माफीचं पत्रक काढतो, त्याच स्टँडवर वाटतो.

"नको. पत्रकं पुरे झाली तुमची." मला तो कधी अहोजाहो करत नसे. "कार्ड देऊ का?"

घेतलं. पहिल्यांदाच त्यानं मला पक्कं बिल फाडून दिलं.

माफीचं पत्रक मी तरीही काढलं. स्टँडवर एका म्हाताऱ्यानं ते हातात धरून विचारलं, "म्हंजे परवाचं खोटं होतं काय रे?"

"हो."

"मग ह्ये तरी खरं कशावरनं?"



खोलीवर येऊन कार्ड बसवलं, मिक्सरची पट्टी वर नेली. स्पीकरमधून एकदम एवढा मोठा आवाज आला की मी दचकलो. लगेच उठून चपला घातल्या. महाडची गाडी अजून मिळाली असती. दारापर्यंत गेलो, आणि चपला काढून परत खुर्चीत येऊन बसलो.