दांडा मागे आला तेव्हा

हसनाबादेत कडूबा दाभाडे गुरुजींना ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची तेवीस ह्याच गावात. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला बाराखडी शिकलेल्यांनी. बायको बेबीनंदा अंगणवाडी सेविका. दोघांना मूल एकच, मोनाली.

मोनाली लहानपणापासून हट्टी. एखादं गणित आलं नाही तर जेवायला उठायची नाही. बारावीनंतर तिनं विमान चालवायचं म्हटलं तेव्हा बेबीनंदा हसली होती, पण गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी फॉर्म कुठं मिळतात त्याची चौकशी सुरू केली. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, परराज्यात प्रशिक्षण झालं, आणि सव्विसाव्या वर्षी पोरगी एका खाजगी कंपनीत सहवैमानिक म्हणून लागली. पहिल्यांदा गणवेशात गावी आली त्या दिवशी अंगणवाडीच्या पोरांनी तिची टोपी आळीपाळीनं डोक्यावर घातली. शाळेनं तिचा फोटो मोठा करून ऑफिसच्या दाराशेजारी लावला.

दोन वर्षांनी, श्रावणातल्या एका दुपारी, डोंगरातल्या एका विमानतळावर उतरताना ते विमान कोसळलं. पाऊस होता, ढग खाली आले होते. एकाहत्तर माणसांपैकी नऊ वाचली. कॅप्टनही गेले, मोनालीही गेली. पेटी आली ती बंद. उघडू नका, असं बरोबर आलेल्या माणसानं सांगितलं. गाव लोटलं होतं. त्रिशरण पंचशील म्हणताना बौद्धाचार्यांचा आवाज दोनदा बसला. गुरुजी मात्र शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर म्हणत राहिले.

खरं दुःख तेवढंच असतं तर माणसानं ते कसंतरी अंगावर घेतलं असतं. पण पंधरवडा उलटला नाही तोच टीव्हीवर दुसरंच सुरू झालं. विमान पडलं कशामुळे? आधी पावसाचं नाव निघालं. मग कंपनी वैमानिकांना विश्रांती देत नाही म्हणून आरडाओरडा झाला. मग चौकशीतलं एक पान कुठूनतरी बाहेर आलं आणि सगळ्या देशाला एकच गोष्ट सापडली. उतरणं रद्द करून विमान पुन्हा वर घ्यायचं ठरलं होतं. इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा पुढं गेला, आणि चार सेकंदांनी तोच दांडा मागं ओढला गेला. विमान चढायच्या ऐवजी खाली बसलं. दांडा मागं आल्याची नोंद यंत्रात होती. तो ओढणारा हात कुणाचा, ह्याची नोंद करणारं यंत्र कुणी बसवलेलं नव्हतं.

त्या दिवशी विमान उतरवायची पाळी मोनालीची होती. कॅप्टननं तिला दिली होती. लोकांना तेवढं बस झालं.

गुरुजींचा एक जुना मित्र होता तातेराव. पोस्टातून निवृत्त झालेला, धनगराचा, मोकळ्या मनाचा माणूस. तो एका सकाळी आला आणि ओट्यावर बसून नुसताच चपलेचा अंगठा चाचपत राहिला. शेवटी त्यानं फोन पुढं केला. मोनालीच्या गणवेशातल्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, कोट्यातली पायलट. खाली हजारोंनी अंगठे. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि फोन परत दिला.

मग त्यांनी एक उद्योग आरंभला. मोनालीच्या सगळ्या परीक्षांच्या गुणपत्रिकांच्या प्रती काढून पिशवीत ठेवल्या आणि भेटेल त्याला समजावून सांगू लागले, की खाजगी कंपनीत कोटा नसतो, परीक्षा सगळ्यांना एकच असते, पोरीला ह्या विषयात इतके होते. लोक मान हलवत. गुरुजी, आम्हाला काय ठावं न्हाई का, असंही म्हणत. पण ते सलूनमध्ये शिरले की चाललेलं बोलणं तुटायचं आणि कुणीतरी एकदम कपाशीच्या भावाचं काढायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेला रंग दिला. सगळ्या तसबिरी परत जागेवर आल्या, मोनालीची आली नाही. हेडमास्तर गुरुजींच्या हाताखाली शिकलेला होता. तो म्हणाला, वरून फोन आला होता, थोडे दिवस जाऊ द्या. गुरुजींनी वाद घातला नाही. फोटो पेपरात गुंडाळून घरी आणला.

त्याच महिन्यात एका वाहिनीनं त्यांना चर्चेला बोलावलं. संभाजीनगरला एका खोलीत दिव्यांसमोर बसवलं. गुरुजी निवृत्तीच्या दिवशीचा कोट घालून गेले होते. पडद्यावर सहा चौकटी, एकीत ते. एक निवृत्त वैमानिक बॉलपेन हातात धरून दांडा कसा ओढला जातो ते दाखवत होता. दुसरा म्हणत होता की मूळ खोट यंत्रातच असणार. निवेदकानं गुरुजींना विचारलं, तुमच्या मुलीच्या निवडीबद्दल लोक शंका घेतायत, बाप म्हणून काय वाटतं? गुरुजी दहावीच्या गुणांपासून सुरुवात करू लागले. बारावीपर्यंत पोचायच्या आत जाहिराती लागल्या.

खालच्या चौकटीत कॅप्टनची बायको होती. अंजू तिचं नाव, राहायला उत्तरेकडं. पांढऱ्या ओढणीतली बाई सगळा वेळ टेबलाकडं बघत बसली होती. हात तुमच्या नवऱ्याचा होता असं काही तज्ज्ञ म्हणतात, असं निवेदकानं विचारताच तिनं कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि ती उठून गेली. चौकट बराच वेळ रिकाम्या खुर्चीची दिसत राहिली.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. गुरुजींना वाटलं भांडायला केला. तिनं विचारलं, मास्टरजी, आप लोग खाना खा रहे हैं ना? गुरुजींची हिंदी जुन्या मराठवाड्याची, मोडकी, पण बोलणं झालं. तिची मुलगी आठवीत होती. वर्गातली पोरं तिला विचारत, तुझ्या पप्पांनी किती माणसं मारली, म्हणून ती शाळेत जात नव्हती. फोन ठेवता ठेवता अंजू म्हणाली की नवरा घरी मोनालीचं नाव काढायचा, लडकी अच्छा उतारती है म्हणायचा.

गुरुजींनी ते वाक्य बेबीनंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मंग हे तिनं टीव्हीवर का न्हाई सांगितलं?”

पुढं दर रविवारी सकाळी फोन होऊ लागला. पाच-सात मिनिटं. पण गुरुजींच्या मनात एक गोष्ट सलू लागली होती. टीव्हीवर एखादा तज्ज्ञ म्हणाला की हात कॅप्टनचाच, की त्यांची छाती हलकी व्हायची. दोन घास जास्त जायचे. आणि रविवारी तोच हलकेपणा घेऊन ते त्या बाईची खुशाली विचारायचे. आपली लेक सुटावी म्हणून दुसऱ्या मेलेल्या माणसाच्या गळ्यात ते सगळं पडावं असं आपण धरून बसलोय, हे त्यांना कळत होतं. कळूनही तो हलकेपणा काही थांबत नव्हता.

जानेवारीत रजिस्टर पोस्टानं चौकशीच्या मसुद्यातली सहा पानं आली. इंग्रजी होतं. शब्दकोश घेऊन गुरुजी चार दिवस बसले. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. दांडा मागे घेणारा हात सहवैमानिकाचा असण्याची शक्यता अधिक आहे. पुढं लिहिलं होतं की नातेवाइकांचं काही म्हणणं असल्यास तीस दिवसांत कळवावं.

त्या संध्याकाळी बेबीनंदानं आपला फोन आणून त्यांच्यापुढं ठेवला. मोनालीनं अपघाताच्या दोन महिने आधी आईला पाठवलेला आवाज होता. आजवर तो तिनं गुरुजींना ऐकवला नव्हता. अंगणवाडीच्या कोठीत बसून ती एकटीच ऐकायची.

“मम्मी, आज बी त्याच सरांबरोबर व्हते. माणूस चांगलाय. पण उतरवायला मला देतात अन् दांड्यावर माझ्या हातावर आपला हात ठेवूनच बसतात. काढतच न्हाईत. मला लई अवघड होतं.” मागं कुठंतरी घोषणा चालली होती, मग ती हसली आणि आवाज संपला.

लेकीचा आवाज सहा महिन्यांनी कानावर पडला तसे गुरुजी भिंतीला टेकले. बेबीनंदा म्हणाली, “आता लिहा. आता तर पुरावा हाय.”

गुरुजींनी जालन्याला वकील गाठला. वकील म्हणाला, बिलकुल पाठवा. नाव नसलं तरी चालतं. शंका उभी राहिली की ते वाक्य त्यांना बदलावं लागेल. गुरुजींनी विचारलं, पण ते सर म्हणजे हेच कॅप्टन, हे कशावरून? वकील म्हणाला, ते शोधणं त्यांचं काम, आपलं नाही.

गुरुजींनी कंपनीला पत्र लिहिलं, त्या आठवड्यात मोनाली कुणाकुणाबरोबर होती ते कळवा म्हणून. उत्तर आलं नाही. घरी आलेल्या तिच्या सामानातल्या उड्डाणांच्या नोंदवहीवरून एवढंच कळलं की त्या महिन्यात ती चार वेगवेगळ्या कॅप्टनांबरोबर उडाली होती. त्यात अंजूचा नवराही होता, आणि दुसरे तिघेही होते.

“कोणते सर ते तिनं सांगितलं न्हाई,” ते बेबीनंदाला म्हणाले.

“तुम्हाला ठावं हाय कोणते.”

“न्हाई ठावं. तुलाबी न्हाई.”

“मंग त्या बाईला विचारा. रविवारी बोलताच की तिच्यासंगं.”

रविवारी त्यांनी फोन लावला. प्रश्न कागदावर लिहून ठेवला होता, हिंदीत, चुका सुधारून. अंजूनं आधीच सांगून टाकलं की मुलगी सोमवारपासून शाळेत जायला लागलीय, नव्या शाळेत, तिथं कुणाला काही माहीत नाही. तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा वाटला. गुरुजींनी विचारलं, शाळा घरापासून किती लांब आहे. मग फोन ठेवला.

अर्ज त्यांनी तीनदा लिहायला घेतला. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. माझी मुलगी कु. मोनाली हिने तिच्या आईस पाठवलेल्या संदेशात, इथवर सरळ यायचं. पुढं ‘सदर कॅप्टन’ लिहायची वेळ आली की पेन अडायचं. वर्गात पोरांना ते आयुष्यभर सांगत आले होते, माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजानं भरू नका. मसुदा लिहिणाऱ्यांनी अंदाजानं भरलं होतं. आता तेच त्यांना करायचं होतं, आणि न करावं तर लेकीच्या नावावर तो अंदाज कायमचा बसणार होता. त्यांना यातलं कुठलंच झेपेना. ठरवलं असं त्यांनी कधीच काही नाही. दिवस मात्र जात राहिले.

तिसाव्या दिवशी ते तातेरावाला घेऊन पोस्टात गेले. अर्धा लिहिलेला अर्ज पिशवीत होता. बाहेर बाकावर दोघं बसले. तातेराव म्हणाला, गुरुजी, आत जायचं का? ते म्हणाले, बसू जरा. तीन वाजता खिडकी बंद झाली.

घरी बेबीनंदा दारातच उभी होती. “पाठवलं का?”

“न्हाई.”

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, “मेलेल्या लेकराला बोलता येत न्हाई म्हणून मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते.”

दुसऱ्या दिवशी ती जालन्याला भाऊ कल्याणकडं गेली. दोघांनी मिळून वकिलाकडून अर्ज लिहून घेतला आणि आवाजासकट पाठवला. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं, मुदत संपल्यानं विचार करता येणार नाही. ते उत्तर तिनं गुरुजींच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलं आणि स्वैपाकघरात गेली.

मे महिन्यात अंतिम अहवाल आला. ते वाक्य जसंच्या तसं होतं. बातम्यांत त्यातली ‘शक्यता’ गळून पडली आणि सहवैमानिकाची चूक एवढंच राहिलं. चर्चा एक संध्याकाळ चालली. बॉलपेनवाला पुन्हा आला होता, आपण आधीच सांगितलं होतं म्हणून समाधानात होता. दुसऱ्या दिवसापासून कुठल्याशा निवडणुकीचं सुरू झालं.

रविवारी गुरुजींनी अंजूला फोन लावला. तिच्या मुलीनं उचलला. अंकल, मम्मी कहती हैं अब फोन मत कीजिए, असं ती अडखळत, पाठ केल्यासारखी म्हणाली. गुरुजी बरं बेटा म्हणाले. आपल्यापाशी काय होतं आणि आपण ते पाठवलं नाही, हे त्यांनी अंजूला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायचा प्रश्नही उरला नाही. आपण कुणाला वाचवलं की नुसतेच भ्यालो, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

घरात बेबीनंदा वेळेवर ताट वाढते, गोळ्या काढून देते. बोलत नाही. पाहुणे आले की दोघं पाहुण्यांशी बोलतात.

जूनमध्ये वडीगोद्रीकडचा एक माणूस मुलीला घेऊन आला. मुलगी बारावी झालेली, गुण चांगले. तिला विमानाचं प्रशिक्षण घ्यायचं होतं, त्याच शिष्यवृत्तीचा फॉर्म तिनं आणला होता. बाप म्हणाला, गुरुजी, तुमच्याइतकी माहिती कुणाला न्हाई, एवढा तपासून द्या. गुरुजींनी फॉर्म पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. जन्मतारखेच्या रकान्यात एक चूक होती, ती दाखवली. मग फॉर्म मिटून मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, “नको भरू.”

“का सर?” मुलीनं विचारलं.

गुरुजी उठले. मग पाणी आणतो म्हणून आत गेले आणि मागच्या खोलीत खाटेच्या कडेवर बसून राहिले. बाहेर बेबीनंदानं पाहुण्यांना पाणी दिलं. ती मुलीशी काहीतरी बोलत होती, हळू आवाजात, बराच वेळ. काय ते गुरुजींना आतून ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं फाटक वाजलं. बेबीनंदा रिकामे पेले घेऊन त्यांच्या समोरून मोरीकडं गेली.