खुनी मी आधीच सांगून टाकला

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी एका निरपराध डॉक्टरला खुनी ठरवलं. तेही सकाळी पोहे वाढता वाढता, दहा वर्षांच्या नातीसमोर. आज ती बासष्टीतली बाई आठवली की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो. जरा जोरातच.

दर मे महिन्यात आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, मालेगावहून आमच्या मखमलाबादच्या मळ्यावर राहायला यायच्या. पूर्वी मुलीच्या सासरी आईबाप पाणीसुद्धा पीत नसत. ह्या चांगला महिनाभर मुक्काम ठोकायच्या. मुलाची आई म्हणून मान माझा, आणि तो त्या अगदी चोख द्यायच्या. "तुम्ही बसा हो, भाजी मी निवडते." रागवायला जागाच ठेवत नसत. मला तर तीच हवी होती.

कारण त्यांच्या पिशवीत पुस्तकं असायची. इंग्लंडातल्या कुण्या जुन्या लेखिकेच्या रहस्यकथा, मराठीत आलेल्या. संध्याकाळी वाफ्यांना पाणी देऊन झालं की विहीणबाई ओट्यावर वाचायला बसायच्या, दर पात्राला वेगळा आवाज लावून. आणि एरवी माझ्या कुशीत झोपणारी पोर त्यांच्या मांडीला चिकटलेली. मी हाक मारली तर म्हणायची, "थांब गं आजी, आत्ताच प्रेत सापडलंय!"

मी आतून ऐकायचे. बंगल्यात मुडदा पडलाय आणि पाहुणे चहाची वेळ चुकवत नाहीत. "मयताच्या घरात केक खातात, काय रीत म्हणायची ही!" मी मोठ्याने म्हणायचे. कुणी लक्ष देत नसे. विहीणबाईंचा हेवा वाटायचाच, पण कधी न पाहिलेल्या त्या लेखिकेचाही वाटायचा. या पोरीला मी अख्खं रामायण सांगितलं, एवढे राक्षस मारले. पण अशी श्वास रोखून ती माझ्यापुढे कधी बसली नव्हती.

त्या वर्षीच्या पुस्तकात एका श्रीमंत म्हातारीला दुधातून विष दिलं होतं. संशय चौघांवर: डॉक्टर, भाचा, वकील आणि सोबतीला ठेवलेली बाई. विहीणबाई रोज ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायच्या. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात तोच विषय.

एका दुपारी दोघी झोपल्या होत्या. मी उशीजवळचं पुस्तक हळूच उचललं आणि शेवटाकडची पानं उघडली. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून दार लावून घेतलं होतं. डॉक्टरकडे बोट रोखून तो म्हणत होता, विष तुमच्या बॅगेतलं, इच्छापत्रात नाव तुमचं. डॉक्टर पांढराफटक. तेवढ्यात नातीने कूस बदलली. मी पुस्तक मिटलं. मला एवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी पोहे वाढताना म्हटलं, "डॉक्टरनेच मारलंय गं तुझ्या म्हातारीला. लिंबू पिळू का?"

घास तिच्या हातातच राहिला. डोळे भरून आले. "आजी, तू दुष्ट आहेस!" ताटली सरकवून ती उठली. विहीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "आजी म्हणाली म्हणून झालं का? संध्याकाळी बघू की. पुरावा नको?"

त्या संध्याकाळी मीही ओट्यावर जाऊन बसले, मेथीच्या जुड्या बांधायचं निमित्त करून. गुप्तहेराने डॉक्टरवर बोट रोखलं तशी नात माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघायला लागली. मी ताठ बसले. विहीणबाईंनी पान उलटलं, आणि गुप्तहेर म्हणाला, "पण खून तुम्ही केलेला नाही." मग भाच्याकडे वळला. त्यालाही घाम फोडून सोडून दिलं. मग त्या बाईला. एकेकाला फासापर्यंत नेऊन परत आणायची, ही त्या लेखिकेची नेहमीची खोड. ती नातीलाही पाठ होती. मलाच ठाऊक नव्हती, कारण मी ऐकायचे ते मधेमधे नाक मुरडत.

शेवटी निघाला वकील. "आजीला फसवलं! आजीला फसवलं!" टाळ्या पिटत नात विहीणबाईंच्या गळ्यात पडली. डॉक्टरला आला नसेल एवढा घाम मला आला, आणि हातातली जुडी सुटून मेथी ओटाभर झाली.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं, "तुम्ही तर पुस्तक आधीच वाचलेलं. डॉक्टर नाही, हे सकाळीच सांगायचं ना पोरीला!"

विहीणबाई दूध विरजत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर एक संशयित कमी झाला असता. तुमच्याकडे ती वर्षभर असते हो विहीणबाई. मला एक मे महिना मिळतो, तोही त्या लेखिकाबाईने पाडलेल्या खुनांच्या जोरावर. तेवढा तरी मला पुरवून पुरवून वाचू द्या."