आधी उचललेलं खोकं

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ म्हाताऱ्या आईसोबत राहायचे. सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या विमानांची जुनी किट जमवायचे, पण एकही कधी जोडलं नाही. पंखाचा तुकडा उजेडात धरून साच्याच्या खुणा बघायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "साचा जुनाच आहे बरं का, खोकं फक्त नवीन. आधी हे कुठल्या कंपनीच्या नावानं निघालेलं, ते शोधतोय."

भोपाळनंतरचा तो हिवाळा. एका सकाळी कारखान्यांच्या बाजूने उग्र वास आला, डोळे चुरचुरायला लागले. "गॅस! गॅस!" ओरडत अख्खी बिल्डिंग खाली धावली. तेही अनवाणी आले, किटचं एक खोकं छातीशी घट्ट धरून.

"आई कुठेयत?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खोकं माझ्या हातात कोंबून ते जिन्याकडे पळाले. बराच वेळ वरून कुणीच येईना. शेवटी आईला पाठीवर घेऊन ते धापा टाकत उतरले.

दुपारपर्यंत वास गेला. मी खोकं द्यायला वर गेलो, तर त्यांनी हातच पुढे केला नाही.

"आधी हे उचललं रे मी," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून आईने हाक मारली, आणि ते दचकले.