कागदावरची तीन वर्षं

कागदावर मी आणि माझा थोरला भाऊ एकाच वयाचे आहोत. अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरातल्या गावात वडिलांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं. गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यांसारखी आम्हालाही एक जून ही जन्मतारीख लावली आणि सालही दोघांना भावाचंच टाकलं. खरं तर मी तीन वर्षांनी धाकटा. सातवीतून शाळा सोडून मी नगरला आलो. बायकामुलं गावी आणि मी केडगावात भाड्याच्या खोलीत, टेम्पो चालवत. ती तारीख तशीच आधार कार्डावर चढली.

गेल्या वर्षी मालकानं गोदामात तपासणीचं शिबिर भरवलं. पन्नाशीपुढच्या पुरुषांचं रक्त घेणार, त्यावरून प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज येतो, असं सांगण्यात आलं. ही ग्रंथी लघवीच्या पिशवीखाली असते एवढं कळल्यावर आम्हा ड्रायव्हर लोकांत थट्टा सुरू झाली. एक जण म्हणाला, टेम्पोचं पासिंग झालं, आता ड्रायव्हरचं. मीही हसलो आणि रांगेत मागं मागं सरकत राहिलो. सिस्टरला म्हणालो, कागदावर एक्कावन्न असलो तरी खरा अठ्ठेचाळीसचा आहे, मला सोडा. घरात कुणाला हा आजार होता का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो.

"मी कागद मानते. हात पुढं करा," ती म्हणाली.

मी खोटं बोललो होतो. वडील, आमचे आबा, याच आजारानं गेले. रात्री चार-चार वेळा उठायचे, लघवी अडायची, पण असलं घरात बोलणार कुणाशी? कंबर दुखायला लागली तेव्हा भाताची पोती उचलून भरली असेल म्हणून आम्ही कितीतरी महिने तेल चोळत बसलो. दवाखान्यात नेलं तोवर रोग हाडांत उतरला होता. गावात आम्ही मुतखडा म्हणून सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की पुढं आम्हालाही तेच खरं वाटायला लागलं.

आठवड्यानं फोन आला, आकडा जास्त आहे. पुन्हा रक्त, मग एमआरआय, मग सुईनं तुकडे काढून तपासणी. आकडा सुजेनंही वाढतो, प्रत्येक वेळी कॅन्सरच असतो असं नाही, हे डॉक्टर दोनदा म्हणाले. मी मान हलवली, डोक्यात काहीच शिरलं नाही. रिपोर्टची वाट बघत होतो त्या दिवसांत सुप्याला माल टाकायचा होता आणि मी सुपा मागं टाकून पार शिरूरला पोचलो. बायकोशी फोनवर पावसापाण्याचं बोलायचो आणि घाईनं ठेवून द्यायचो.

कॅन्सर निघाला. लहान होता, ग्रंथीच्या आतच. मला त्रास कसलाच नव्हता, आणि त्रासाची वाट बघत बसलो असतो तर माझंही वडिलांसारखंच झालं असतं. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी घरच्यांचं पुन्हा विचारलं तेव्हा मी वडिलांचं सांगितलं. ते म्हणाले, मग तुमची तपासणी पंचेचाळिशीतच व्हायला हवी होती. शिबिरात मी लवकर आलोय म्हणून हुज्जत घालत होतो, प्रत्यक्षात उशीरच झाला होता. भाऊ आहे का, असंही त्यांनी विचारलं.

टाके सुकल्यावर भावाला फोन लावला आणि तूही तपासून घे म्हणालो.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "अजून डोंगर चढतो-उतरतो."

"दादा, मलाबी काई हुत न्हवतं."

"तुला शहराचं पानी बाधलं. आपल्या घरात कुनाला हुतं असलं?"

"आबाला हुतं. मुतखडा न्हवता, तुला ठावं हाय."

तो हळूच म्हणाला, "फोन स्पीकरवर हाय. पोरं बसल्यात."

"ऐकू दे. त्यांच्याबी कामाचं हाय."

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि वहिनी बोलल्या, "भावजी, यांचं ऐकू नका. कवा आन् कुठं आनायचं तेवढं सांगा."

परवा त्या त्याला एसटीनं घेऊन आल्या. रक्त देताना तो भिंतीकडं बघत होता. माझ्याशी धड बोललाही नाही. भाताची आवणी खोळंबलीय म्हणून दोघं त्याच दिवशी परतले. आता तो खाचरात असेल, फोन उचलत नाही. रिपोर्ट माझ्या मोबाईलवर येणार आहे. लॅबवाल्यांनी दुपार सांगितली होती, आता चार वाजून गेले. माझ्या रिपोर्टच्या वेळी निदान गाडी तरी चालवत होतो. आज ती गोदामाबाहेर लावून मी नुसता मोबाईल उघडून बघतोय.