धाडच्या शेतातल्या कडेच्या ओळी

सदुसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या धांदरटपणाला एडीएचडी असं भारदस्त नाव दिलं. मी ठरवलं, हे युसूफला त्याच्या गावी, धाडला, जाऊन समक्ष सांगायचं. युसूफ माझा शाळासोबती. गेल्या साली त्याच्या मुलीच्या लग्नाला निघालो आणि पोचलोच नाही. वाटेत देऊळघाटला एका पिंजाऱ्याचं काम बघत बसलो. तेव्हापासून युसूफनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

बुलढाण्याहून धाडला एसटीही जाते, जीपही. जीप लवकर मिळते, पण जागोजागी थांबते. माझ्यासारख्यांनी एसटीच घ्यावी. मी अर्थातच जीप घेतली. देऊळघाटला भज्यांचा वास आला. एक मन म्हणालं, ‘उतर’. दुसरं म्हणालं, ‘युसूफ!’ दोघांचा वाद मिटेस्तोवर जीप सुटली. याला मी संयम म्हणतो.

युसूफ शेतात ठिबकच्या नळीलगत बीटी कपाशीची सरकी एकेक करून मातीत टोबत होता. मला पाहून कमरेवर हात ठेवले.

“काऊन आला बे? लग्न झालं.”

मी आजाराचं नाव सांगितलं.

“पैसे देऊन विचारलं? शाळेत मास्तर तुले फुकटात सांगत होते. कविता म्हणता म्हणता खिडकीबाहेर जायचा तू.”

“चुकलो रे.”

बियाण्याच्या पाकिटातून त्यानं छोटी पुडी काढली. त्यात साधी, म्हणजे बीटीसारखी अळीला न मारणारी, सरकी असते. ती शेताच्या चारी कडांना लावायची. काही अळ्यांना तिथं मोकळं रान मिळालं की बीटीला न जुमानणारी अळी लवकर तयार होत नाही. बहुतेक जण ही पुडी बांधावर भिरकावतात.

“मधातल्या ओळी तुले देत नाही,” युसूफ म्हणाला. “कडेच्या घे.”

दुपारभर टोबलं. मधेच शाळेतली एक कविता आठवली, तिचं शेवटचं कडवं सापडेना, आणि हात कुठे थांबले ते कळलं नाही. जेवायला वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि झणझणीत ठेचा वाढला. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. तेच जास्त झोंबलं.

घरी परतल्यावर वाटलं, डोक्याच्या कडेलाही अशा चार ओळी सोडाव्यात. भटक्या मनानं तिथं खुशाल चरावं. विचार छान होता. वहीत लिहायला गेलो तर वही सापडली नाही.

आठ दिवसांनी युसूफचा फोन आला.

“तुह्या ओळीत एका जागी सात झाडं, मंग दहा पावलं टक्कल! गुरुवारी येऊन नांग्या भर, रिकाम्या जागी पुन्हा बी टोब. अन् मुक्कामाले ये, पोरगी माहेरी येऊन राह्यली. तिले तुह्या तोंडानं सांग, काऊन नाही आला ते.”

डॉक्टरांची गोळी रोज विसरतो. गुरुवारला किती दिवस उरले, ते मात्र सकाळपासून चारदा मोजून झालं.