खंडेनवमीचं लायसन

केरबा भोपळे पुन्हा हमाली करतोय. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मार्केट यार्डात, गुळाच्या बाजूला. मी सकाळी तिकडून गेलो की दिसतो. खांद्यावर गोणपाट टाकून गाडी लागायची वाट बघत बसलेला असतो. लोक विचारतात, एकाच मालकाकडं एकोणीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्याला एकाएकी काय झालं? मग स्वतःच उत्तर देतात, प्याला असेल, कुठंतरी ठोकली असेल. लोकांच्या जिभेला हाड नसतं. केरबानं दारूला कधी हात लावला नाही आणि गाडीवर कधी ओरखडा पाडला नाही. काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगायला मी फारसा लायक माणूस नाही. तरी सांगतो.

मी हंबीरराव. आरटीओच्या बाहेर एका पत्र्याच्या टपरीत लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतो, लोकांचे फॉर्म भरून देतो. लॅपटॉप अलीकडचा. त्याआधी सगळं पेनावर चालायचं, आणि माझं अक्षर छापल्यासारखं होतं. शाळेत गुरुजींनी छडी मारमारून घडवलेलं. इंग्रजी सात काढला की त्याच्या पोटात एक आडवी रेघ मारायची, म्हणजे कुणी त्याला एक वाचत नाही, ही सवयसुद्धा त्यांचीच. हाताला लागलेली सवय मसणात गेल्यावरच सुटते म्हणतात.

माझ्या शेजारी तेव्हा बाळासो भोपळे बसायचा. केरबाचा थोरला भाऊ, एजंट. गोड बोलणारा, चहा पाजणारा, कुणाचंही काम अंगावर घेणारा. आई-बाप लवकर गेले, केरबाला त्यानंच वाढवला. बिद्रीकडच्या गावातून धाकटा भाऊ यार्डात हमालीला आला, तेव्हा बाळासोनंच त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. मित्राच्या जुन्या जीपवर गाडी शिकवली, दोन फोटो घेतले, सही घेतली आणि पंधरवड्यात लायसनचं छोटं पुस्तक आणून हातात ठेवलं. टेस्ट द्यायला नको का, असं केरबानं विचारलं होतं म्हणे. तुझी टेस्ट मी घेतली की, असं बाळासो म्हणाला. केरबाला ते पुरलं. दादा म्हणाला म्हणजे झालं.

त्या पुस्तकावर केरबाला नोकरी लागली ती जिनपालअण्णांकडं. अण्णांचं जयसिंगपूरला भुसार मालाचं दुकान, घर कोल्हापुरात. रोज जाऊन-येऊन गाडी. शिवाय महिन्यातून एकदा अण्णांच्या आईला, सीताबाईंना, बाहुबलीला दर्शनाला न्यायचं. म्हातारी केरबाशिवाय कुणाच्याही गाडीत बसत नसे. दुसरा ड्रायव्हर असला की सरळ रस्त्यावर तिला घाट लागायचा. केरबानं ब्रेक मारला तरी मांडीवरच्या डब्यातलं ताक हलत नाही, असं ती येईल त्याला सांगायची.

आता त्या पुस्तकाचं काय झालं ते ऐका. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पूजतात. सुतार करवत पूजतो, न्हावी वस्तरा, शेतकरी कोयता. केरबा पाटावर पाना मांडायचा, जॅक मांडायचा आणि मधोमध लायसन. अण्णांनी एकदा चेष्टा केली, तेव्हा तो म्हणाला की गाडी तुमची, पाना तुमचा, माझं हत्यार हे एवढंच. देवाला प्लास्टिक नको म्हणून पुस्तकाचं कव्हर काढायचा. मग हळद, कुंकू, अक्षता, आणि फुलानं पाणी शिंपडायचं. दसऱ्यापर्यंत ते तसंच ओलं पाटावर. अशी एकोणीस वर्षं. बाळासो सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला, तेव्हापासून तर पाटामागं त्याचा हार घातलेला फोटोही असायचा.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आठच दिवसांनी हातकणंगल्याजवळ पोलिसानं गाडी अडवली. लायसन उघडलं तर फोटोच्या जागी लाल डाग आणि नंबरावर हळदीचा पिवळा ओघळ. पोलीस हसला, हे लायसन आहे का अंगारा, म्हणाला आणि दंड केला. अण्णा मागंच बसले होते. ते हसले नाहीत. उद्या काही झालं तर विमा कंपनी हेच कागद मागणार. महिनाअखेरपर्यंत नवीन काढून आण, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. केरबाला दुसरं काहीच येत नव्हतं. घरी दोन पोरी शिकत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टपरीत आला. खराब झालेल्या लायसनची दुसरी प्रत काढायची, त्यात अवघड काही नाही. पण नंबर तर हवा. मी लॅपटॉपवर त्याचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. काही येईना. जुनी पुस्तकं पुष्कळदा संगणकात चढलेली नसतात, हे मला माहीत होतं. मग मी पुस्तकाचं आतलं पान मोबाईलच्या बॅटरीवर धरलं. हळदीखालून शाई दिसायला लागली. चार, सात, सात, सहा.

दोन्ही सातांना पोटात रेघ होती.

मी पुस्तक मिटलं. केरबाचं लायसन निघालं त्या काळात संध्याकाळी बाळासो कोऱ्या पुस्तकांची चळत माझ्याकडं आणायचा. ऑफिसातल्या कारकुनाचं काम साचलंय, तुझं अक्षर चांगलं आहे, भरून दे, म्हणायचा. मी भरून द्यायचो. त्यातली किती ऑफिसातून आलेली आणि किती बाळासोनं बाहेर छापून घेतलेली, ते मी विचारलं नाही. कळत नव्हतं असं नाही. विचारलं असतं तर काम गेलं असतं. सख्ख्या भावाला तरी त्यानं खरं दिलं असेल, अशी आशा धरून मी गप्प बसलो.

संगणकात नाव नाही, म्हणून जुनं रजिस्टर बघण्यासाठी साधा अर्ज द्यावा लागतो. तो मी हातानंच लिहिला. केरबा समोर बसून बघत होता. त्याच्या मोबाईल नंबरात तीन सात होते. मी सवयीनं तिन्हींना रेघा मारल्या.

चार दिवसांनी खिडकीवर बोलावलं. आतला कारकून पोरगेलासा होता, पण नीट बोलला. त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. त्या नंबरावर गडहिंग्लजच्या एका बाईचं नाव होतं. आधीची-नंतरची दोन वर्षं चाळली, केरबा भोपळे कुठंच नव्हता. शिक्काही त्यांचा नव्हता. पुस्तक त्यानं ठेवून घेतलं आणि हे कुणाकडून मिळालं त्याचा लेखी जबाब आणून द्या, असं सांगितलं. केरबानं फक्त एक विचारलं, पुस्तक परत मिळेल का. मिळणार नव्हतं.

तो माझ्या बाकड्यावर येऊन बसला. अंगठ्याला अजून पुस्तकावरची थोडी हळद होती.

केरबानं फोनवर कळवल्यावर तासाभरात अण्णा आले. रागावलेले होते, आणि का नसावेत? एकोणीस वर्षं त्यांची आई, त्यांची पोरं या माणसाच्या हातात होती. पण माणूस सरळ. टपरीत उभ्या उभ्या त्यांनी केरबाला विचारलं.

"कुणी दिलं, एवढं सांग. तू फसलास म्हणून मी आईला सांगतो आणि तुला नवीन काढायला महिनाभर थांबतो. नाव सांगितलं न्हाईस, तर तूच फसवलंस असं मला म्हणावं लागंल."

अण्णांना बाळासो माहीत होता. त्याच्या बाराव्याला ते जेवूनही गेले होते. केरबानं दादा एवढा एकच शब्द उच्चारला असता, तर नोकरी राहिली असती. मेलेल्या माणसाचं कुणी काय वाकडं करणार होतं?

"आठवत न्हाय अण्णा," केरबा म्हणाला. "कोण तरी एजंट हुता."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही इथं इतकी वर्षं बसता, तुम्हाला काही माहीत आहे का, असं विचारलं. खरं बोलायला ती एकच घडी होती. बाळासोनं दिलं आणि मी लिहिलं, बस्स. मी प्रिंटरमधला कागद नीट केला आणि एजंट काय, येतात नि जातात, म्हणालो. माझीसुद्धा एक मुलगी लग्नाची होती, टपरी होती, नाव होतं. भित्रा माणूस कारणाला कधी कमी पडत नाही.

अण्णांनी हात पुढं केला. केरबानं खिशातून गाडीची किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि दिली. सीताबाई नंतर दोन महिने बाहुबलीला गेल्याच नाहीत, असं कानावर आलं. मी केरबाला पुढं दोनदा म्हणालो, शिकाऊ लायसनचा फॉर्म भरतो, सगळा खर्च माझा. तो बघू म्हणाला. म्हणजे नको. खोट्या लायसनवाल्याला आता कोण गाडी देणार, असं यार्डातलं कुणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालंही.

पण किल्ली दिली त्या दिवशी अजून जबाब लिहायचा राहिला होता. केरबाला लिहिता येत होतं, पण त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. तुम्हीच लिहा, म्हणाला. मी लिहिलं की सदर लायसन कुणाकडून घेतले ते मला आठवत नाही, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मग लायसनचा नंबर लिहायची वेळ आली. आधीच्या अर्जातल्या रेघा तर आत जमा झाल्या होत्या, पण हा कागद खिडकीवर त्या पुस्तकाशेजारीच ठेवला जाणार होता. मी चार लिहिला. मग दोन्ही सात लिहिले, सावकाश, पोटं मोकळी ठेवून. पन्नास वर्षांची सवय मी त्या दोन आकड्यांत मोडली. मग सहा.

केरबानं कागद वाचला. नंबरापाशी त्याचं बोट थांबलं. एकोणीस खंडेनवम्या त्यानं तो नंबर पाटावर बघितला होता, आणि चार दिवसांपूर्वी मला अर्जात सातांना रेघा मारतानाही बघितलं होतं.

"रेघा ऱ्हायल्या, हंबीरराव," तो हळू म्हणाला.

त्यानं माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.